मिसळीला फोर बाय फोर

पुण्यातून मुळशीकडे मिसळ खायला जायचं तर स्कूटर पुरते, एसटीही पुरते. पण पुरतंय म्हणून भागवणाऱ्यांसाठी हा लेख नाही. तुम्ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतलीत, सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतलेत, आणि ती बिचारी आठवडाभर कर्वे रोडच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये कण्हत असते. रविवारी तिला डोंगर दाखवणं हे तुमचं कर्तव्यच आहे.

त्यासाठी आधी ऑफ-रोडिंगवाल्यांच्या, म्हणजे मुद्दाम रस्ता सोडून गाडी हाकणाऱ्यांच्या, क्लबात शिरा. शनिवारी रात्री ग्रुपवर निरोप येतो, 'चांदणी चौक, पहाटे 5.30, शार्प.' नवखा माणूस खरंच साडेपाचला येऊन उभा राहतो आणि तासभर टपरीवाल्याशी गप्पा मारतो. तुम्ही सव्वासहाला अंघोळीला जा. सात वाजता जिप्सीवाले काका ब्रीफिंग देतील: पुढची गाडी लीड, शेवटची स्वीप, वॉकीटॉकीवर फक्त कामाचं बोलायचं. मग पौडपर्यंत 'डावीकडे म्हैस, ओव्हर', 'म्हैस कॉपी, ओव्हर' इतकं कामाचं बोलणं होतं.

काकांशी अदबीनं वागा. जिप्सी बाजारात आली 1985 साली, आणि तेव्हापासून एसी, पॉवर स्टीअरिंग असल्या लाडांशी काकांचं कधी पटलेलं नाही. ते थारवाल्यांना 'शोरूमवाले' म्हणतात, थारवाले जिम्नीला 'खेळणं' म्हणतात, आणि एसयूव्ही म्हणून उंच हॅचबॅक घेऊन आलेल्याला कोणीच काही म्हणत नाही, त्याला फोटो काढायला सांगतात. यात एक नाजूक मामला आहे. 2023 पासून थार नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. बाहेरून तश्शीच, फक्त गिअरशेजारची, चारही चाकांना ताकद जोडणारी छोटी दांडी नसते. तुमची तसली असेल तर काचा वर ठेवा, कोणाला आत डोकावू देऊ नका, आणि चढ आला की 'आज आई बरोबर आहे' म्हणून खाली थांबा. आईला खरंच बरोबर न्यावं. तीन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून, एक पाय वर, डोकं खाली अशी ती मागे शिरली की ऑफ-रोडिंगचा अवघड भाग तिथंच संपतो.

सामानात कसूर नको. स्नॉर्कल (पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी नळी), अडकलेली गाडी ओढायचा रिकव्हरी रोप, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे डी-शॅकल, फावडं, टपावर दिव्यांची पट्टी. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, असं कंपनी सांगते. साधारण गुडघ्याच्या वर. जुलैत तेवढ्या पाण्यातून पुण्यातल्या बायका मुलांना शाळेत सोडून येतात, ॲक्टिव्हावर, पण त्यांच्याकडे डी-शॅकल नसतं.

पुढे ताम्हिणीचा रस्ता अख्खा डांबरी आहे, हे मनाला लावून घेऊ नका. दांडी ओढून सरळ फोर हाय टाका, म्हणजे चारही चाकांना ताकद. पुस्तिकेत कोरड्या डांबरावर टाकू नका असं लिहिलेलं असतं. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, मधे डिफरन्शियल (चाकांना कमी-जास्त वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) नसलं की तो फरक जिरायला जागा मिळत नाही, शाफ्टवर ताण येतो, टायर घासतात, स्टीअरिंग जड होतं. ते जड झालं की शेजारच्याला सांगा, 'बघ, ताकद जाणवते का?' एवढ्यात मागून लालपरी हॉर्न देईल. पन्नासएक माणसं, दोन कोंबड्या आणि फक्त मागच्या चाकांची ताकद घेऊन ती पुढे निघून जाईल. तिला वाट द्या. तिला घाई असते, तुम्हाला छंद आहे.

मुळशी धरणापाशी गाड्यांची रांग लावून ड्रोन उडवा. या पाण्याखाली भाताची खाचरं आहेत. ती बुडू नयेत म्हणून 1921 साली सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी सत्याग्रहाला उतरले होते, पण ब्रीफिंगमध्ये ते येत नाही. जी खाचरं उरली ती पाण्याच्या वरच्या अंगाला आहेत, आणि तुम्हाला चिखल हवाय. जंगलात घुसायची सोय नाही, ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे. मग राहतं काय? खाचर. पहाटेपासून चिखलणी करून कोणीतरी ते लावणीसाठी लोण्यासारखं करून ठेवलेलं असतं. तुम्हाला वाटतं, निसर्गानं ट्रॅक तयार ठेवलाय. बांधावर गाडी चढवा, फोर लो (वेग कमी, जोर जास्त) टाका, 'येऊ दे येऊ दे' असं ओरडणारे सात जण आजूबाजूला उभे करा, आणि ॲक्सिलरेटर दाबा.

गाडी पोटावर बसेल. चारही चाकं फिरतील, अगदी जाहिरातीत फिरतात तशी. दुसरी गाडी ओढायला येईल, तीही बसेल. काका म्हणतील, टायरमधली हवा कमी करा. हवा कमी कराल, मग कळेल की भरायचा पंप स्वीपकडे आहे आणि स्वीप पिरंगुटला चहाला थांबलाय. वॉकीटॉकीची रेंज माले गावाच्या अलीकडेच संपलेली असेल.

साडेअकराला खाचराचा मालक ट्रॅक्टर घेऊन येईल. ट्रॅक्टरही दोनच चाकांवर चालणारा. तुमचा रोप, तुमचं शॅकल (अखेर उपयोग झाला) त्याच्या हातात द्या. तो काही बोलत नाही. मोडलेल्या बांधाकडे एकदा बघतो, तुमच्या गाडीकडे एकदा बघतो आणि गिअर टाकतो. 'किती द्यायचे, दादा?' असं आईसमोर विचारू नका. तीच खाली उतरून, साडी वर धरून, त्याला हात जोडत असते.

'कुठं निघाला होता एवढ्या लवाजम्यानं?' तो विचारेल.

'नाश्त्याला.'

'मग येताना पौड लागलं नाही का?'