खुलासा : मारुतीच्या ईको कार्गो व्हॅनमधला थर्मोस्टॅट काढू नका

‘सीएनजी ईको कार्गो भरल्या गाडीने घाटात तापते, थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल,’ हा सल्ला टेम्पो स्टँडवर सर्रास फिरतो आहे. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो काढल्यावर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, त्यामुळे काही दिवस फरक वाटतो. मूळ दोष तसाच राहतो. शिवाय इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त इंधन सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो.

या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पुढे नाकाशी, म्हणजे पाइप लांब. कूलंट घाईने ओतलं की हवा अडकते आणि गाडी तापते. थंड इंजिनात, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, गाडी फॅन सुरू होईपर्यंत चालू ठेवा, बुडबुडे थांबले की पातळी पुरी करा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. नळाचं पाणी तर नकोच, त्याने क्षार बसतात. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, रेडी-मिक्स तसंच.

मग फॅनचा रिले (फॅन चालू करणारा स्विच), झाकणाचं रबर, वॉटर पंपाखालचे ओघळ बघा. थर्मोस्टॅटवरच संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात तापवा: त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा, गॅस्केटसकट.

सीएनजीवर झटके मारते ती तक्रार वेगळी. तिथे आधी स्पार्क प्लगचा गॅप (टोकांमधली फट) मोजा.