खुलासा: मालिका दिग्दर्शक ताणतो का?

‘मालिकेची गोष्ट दिग्दर्शकच ताणतो, एरवी सेटवर नुसतं अ‍ॅक्शन-कट म्हणतो’, असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दैनंदिन मालिकेचं कथानक मुख्यतः वाहिनी, निर्माता आणि लेखक ठरवतात; दिग्दर्शकाकडे बहुधा तयार पटकथा येते.

त्यापुढचं काम मात्र त्याचं, आणि ते मोठं आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत असो वा मढला, प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत. सकाळी भांडण, दुपारी त्याआधीचा साखरपुडा! रडून सुजलेले डोळे, आवाजाची पट्टी, हातातली पिशवी, सगळं जुळावं लागतं. बारा तास उभ्या असलेल्या नटाकडून खरी प्रतिक्रिया मिळवणं तर मला सर्वांत अवघड वाटतं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं भरायची असतात, आणि प्रक्षेपणाची वेळ कुणासाठी थांबत नाही.