खाण दिसणार कुठून, हे आधी ठरवा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर सध्या देवळासमोरच्या वडाच्या पारावर दुसरा विषयच निघत नाही. मागच्या डोंगरावर काळ्या दगडाची खाण आणि खडीचा क्रशर येणार अशी बातमी आहे. परवा मास्तरांनी पंचायतीतून खाणीच्या पर्यावरण अहवालाची प्रत आणली. धूळ, पाणी, आवाज यांवर पानंच्या पानं. गावातून डोंगर कसा दिसेल यावर एकच ओळ: 'दृश्य परिणाम नगण्य.'

"मग बरोबरच लिहिलंय," ट्रकवाला भाई म्हणाला. त्याचे दोन ट्रक आहेत, हप्ते चालू आहेत, त्याला काम हवं. "डोंगर केवढा, खाण केवढी! इथून एक किलोमीटर दूर. कोण बघत बसणार?"

आमच्यातला जमिनीचा मोजणीवाला सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "हात सरळ समोर कर, मूठ वळ, एक डोळा मीट. तुझी मूठ साधारण दहा अंश झाकते. डोंगराचा कापलेला भाग 200 मीटर रुंद असला तर एक किलोमीटरवरून तो अकरा अंशांचा दिसणार. म्हणजे मुठीबाहेर थोडा उरेलच. 30 मीटर उंच धरलास तर उंचीला जवळजवळ अंगठ्याच्या रुंदीइतकी."

ऊन उतरत होतं, डोंगर अजून स्पष्ट होता. पारावरच्या सगळ्यांनी हात पुढे केले. मास्तरांची मूठ खिंडीच्या डाव्या अंगापासून पार देवराईच्या टोकापर्यंत पोचली. भाईने हात खाली घेतला, पण लगेच म्हणाला, "अहवालात फोटो आहे ना? त्यात तर काहीच दिसत नाही."

फोटो मीही पाहिला आहे, आणि माझा खरा राग त्या फोटोवरच आहे. तो भर पावसाळ्यात काढलेला आहे, सगळा डोंगर हिरवागार असताना. शिवाय मोबाईलच्या रुंद भिंगाने, ज्यात लांबचा डोंगर डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बुटका येतो. अशा कामाला 50 मिलिमीटरच्या जवळपासचं भिंग वापरतात, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरतात आणि जागा नकाशावर नोंदवतात, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तिथेच उभं राहून पडताळता येतं. आणि दुसरा फोटो उन्हाळ्यात काढायचा. माट्टीच्या झाडांची पानं तेव्हा गळलेली असतात, गवत वाळलेलं असतं, आणि ताज्या कापलेल्या दगडाची राखाडी भिंत उठून दिसते. तिच्याभोवतीच्या झाडांवर क्रशरची पांढरी भुकटी बसते, त्यामुळे डाग खाणीला दिलेल्या जागेच्या हद्दीपेक्षा मोठा वाटतो. वर्षातले कितीतरी महिने हेच दृश्य असणार, तर मोजायचंही तेच.

"कायद्यात हे कुठे लिहिलंय?" भाईने विचारलं. प्रश्न रास्त होता. मास्तर म्हणाले, 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांच्या फॉर्म 1अ मध्ये सरळ प्रश्न आहे की यामुळे एखादं दृश्य किंवा निसर्गसौंदर्य अडेल का. खाणीला तो फॉर्म लागू नाही. पण फॉर्म 1 मध्ये 15 किलोमीटरच्या आतल्या जागा विचारल्या आहेत. त्यात भूदृश्यासाठी संरक्षित भाग येतात, आणि पर्यटनस्थळांकडे किंवा तीर्थस्थानांकडे जायला लोक वापरतात ते रस्तेही येतात. आपला जत्रेचा रस्ता त्यात बसतो असं मला वाटतं, आणि तो मुद्दा लेखी द्यायलाच हवा.

पुढे मोजणीवाल्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. 1:50,000 च्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा उंचीच्या दर 20 मीटरला एक अशा असतात. म्हणजे 15 मीटरची कातळभिंत दोन रेषांच्या मधे सहज हरवते आणि नकाशावर डोंगर आहे तसाच दिसतो. इस्रोच्या 'भुवन' या नकाशांच्या संकेतस्थळावरून उंचीची माहिती उतरवून संगणकावर दृश्यक्षेत्र काढता येतं. कुठून दिसू शकेल त्याचा अंदाज त्यातून येतो. पण त्यावर थांबायचं नाही. खाणीचा काठ जिथे येणार तिथे उंच बांबू रोवून लाल फडकं बांधायचं आणि खाली येऊन देवळाच्या अंगणातून, शाळेच्या व्हरांड्यातून, बसथांब्यावरून, कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, बांधावरून बघायचं. रोज तासन् तास जिथे माणसं असतात त्या जागांचं वजन जास्त धरायचं. गाडीतून क्षणभर बघणारा आणि दारातून जन्मभर बघणारा यांना एका मापाने मोजता येत नाही.

खरी जुंपली ती झाडांवरून. अहवालात उपाय एकच: भोवती वृक्षारोपण. भाईला तेवढं पुरे वाटतं. कुळागरवाले काका उसळले. "झाडं कधी वाढणार? खाणींच्या ढिगाऱ्यांवर ती ऑस्ट्रेलियन आकेशिया लावली, ती काय आपल्या रानासारखी दिसते?"

मी काकांच्या बाजूने आहे. झाडं शेवटची गोष्ट. आधी डोंगर कापायला सुरुवात कुठून करता ते बघा. गावाकडच्या उतारावरून दगड काढत वर गेलात तर पहिल्या दिवसापासून जखम उघडी. तोच दगड मागच्या अंगाने आत शिरून काढला आणि गावाकडचा काठ शाबूत ठेवला, तर कितीतरी काम त्या काठाआड होतं. माथ्याची रेषा मात्र कुठेच तुटता कामा नये. आभाळाच्या कडेला पडलेली खाच कुठलंही झाड झाकत नाही. वरची माती काढाल ती फेकू नका. तिचाच बांध आधी घाला, त्यावर इथलीच मिश्र झाडं लावा, थोडी सदाहरित, आणि निदान एक पावसाळा जाऊ द्या. मग सुरुंग. क्रशर खड्ड्याच्या तळाशी, खडीचे ढीग काठाच्या खाली. आत जाणारा रस्ता वळणाचा, नाहीतर हमरस्त्यावरून नजर थेट आत जाते. छपराला निळा पत्रा नको, भोवतालच्या रानापेक्षा एखादी छटा गडद मातकट रंग द्या. दिव्यांची तोंडं खाली. काम संपलेला भाग तेव्हाच बुजवत, लावत पुढे सरका. आणि कातळाच्या सरळ पायऱ्या तशाच सोडून जाऊ नका, त्या मोडून उतार ओबडधोबड करा.

"एवढं केलं तर खडी महाग होणार," भाई म्हणाला. "आणि तुझ्या घराच्या स्लॅबला खडी लागलीच ना? इथे नको म्हणशील तर दुसऱ्या गावाचा डोंगर जाईल."

हे खरं आहे, आणि म्हणूनच मी खाण नकोच असं म्हणत नाही. खडी वापरणाऱ्याने तिची पूर्ण किंमत द्यावी. आज त्यातला काही भाग आमच्या दारातून दिसणारा डोंगर भरतो आहे. काका इथे माझ्याशी सहमत नाहीत. त्यांना डोंगरातल्या झरीची, म्हणजे झऱ्याची, भीती आहे. दिसण्याचं सगळं नीट केलं तरी पाणी तुटलं तर काय, हा त्यांचा प्रश्न या मोजणीने सुटत नाही. त्याची चौकशी वेगळी मागावी लागेल.

ग्रामसभेत ठेवायचा अर्ज मास्तर लिहिताहेत: उन्हाळ्यातले फोटो, नोंदवलेल्या जागांवरून, आणि कामाची दिशा दाखवणारा टप्प्याटप्प्याचा नकाशा, हे हाती आल्याशिवाय ना हरकत दाखल्यावर चर्चा नाही. जागांच्या यादीत शाळेचा व्हरांडा घ्यायचा की मागचं मैदान, यावर अजून एकमत नाही. मैदानातून डोंगर जास्त उघडा दिसतो, पण मुलं दिवसभर बसतात ती व्हरांड्याच्या बाजूच्या वर्गांत. मी दोन्ही लिहा म्हटलं आहे. बांबू भाई देणार आहे.