‘परवडत नाही ते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या रविवारी मी फ्लॅटमध्ये घरच्या घरी करता येतील अशा पाच कामांवर लिहिलं होतं. भिंतीला लावायचं घडीचं टेबल, गळक्या नळाचा वायसर, खिडकीला वेलक्रोची मच्छरजाळी, कपडे वाळवायला छताला पुलीवरची काठी आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत गॅलरीतली भाजी. त्यावर ‘निवृत्त अभियंता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अख्खी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको :

“ताई, लेख वाचला. छंद म्हणून ठीक आहे. पण परवडत नाही ते ‘स्वतः केलं’ म्हणून मिरवायचं, असा हा प्रकार वाटतो. आठ एमएमच्या गट्टीला सहाचं बिट चालत नाही. भाड्याच्या घरात भोकं पाडायला कुठला मालक देतो? आणि गॅलरीत मातीच्या बारा बादल्या ठेवल्यात, त्यांच्या वजनाबद्दल एक शब्द नाही.”

आधी बिटाचं. बरोबर आहे तुमचं. स्क्रू घट्ट बसायला भोकात ठोकतात ती गट्टी आठची, तर भोक पाडायला आठचंच बिट. टाइप करताना चुकलं, दुरुस्त केलं, आभार. चूक दाखवली की मी मान्य करते, हे इथले जुने वाचक जाणतात.

आता ‘ताई’. ताई म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते असा आपल्याकडे एक समज आहे. एखाद्या ‘दादा’ने हाच लेख लिहिला असता तर तुम्ही ‘छंद म्हणून ठीक आहे’ लिहिलं असतंत का? मला नाही वाटत. त्याच्याशी तुम्ही स्क्रूच्या लांबीवर बोलला असतात.

आणि मग ते वाक्य. परवडत नाही ते मिरवायचं.

साहेब, परवडत नाही म्हणजे काय, हे मला तुम्ही नका सांगू. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर अशा वीस खोल्या, संडास कॉमन. आम्ही सात माणसं. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. जानेवारी १९८२ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरण्यांतला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. दुसरीकडे लोक गावी निघून गेले, आम्ही राहिलो, कारण आजीला प्रवास झेपणार नव्हता. घरात बसलेला माणूस काय करणार? वडिलांनी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं. त्याच्या प्लायच्या दोन फळ्या एकावर एक खिळून जाड केल्या, जुन्या ट्रंकेच्या बिजागऱ्या काढून त्यावर बसवल्या. भिंत काँक्रीटची, खिळा मारला की वाकायचा. चार खिळे वाकवल्यावर त्यांनी भिंतीचा नाद सोडला आणि फळी दाराच्या चौकटीलगतच्या लाकडी पट्टीला टांगली, दोन बाजूंना साखळी. संध्याकाळी फळी पाडली की माझा अभ्यास, रात्री वर उचलली की खाली दोघांचं अंथरूण.

त्या फळीला एका कडेला खोक्यावरच्या काळ्या छापाचा अर्धा आकडा राहिला होता, पाच किंवा सहा असावा. मी पाढे म्हणताना बोट त्यावर फिरवायचे. खडबडीत लागायचं. दहावीपर्यंत फिरवलं.

तेव्हा आम्हाला टेबल परवडत नव्हतं. हो, नव्हतं. मग? त्याने ती फळी वाईट झाली का? कुणाला मिरवून दाखवली आम्ही? शेजारच्या खोलीतल्या काकांनी येऊन बिजागरीचं माप घेतलं आणि महिन्याभरात मजल्यावर तशा सहा फळ्या झाल्या. त्यांतल्या एकानेही त्याला जुगाड म्हटलं नव्हतं. हा शब्द तुम्ही वापरलेला नाही हे मला दिसतंय, पण वाक्याला वास त्याचाच येतोय.

आज मला परवडतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, डोंबिवलीतला वन बीएचके स्वतःचा आहे, हप्ते फिटलेत. हे असं सांगावं लागणं मला आवडत नाही, पण विषय तुम्हीच काढलात. टेबलासाठी मी सुतारही बोलावला होता. एक नाही, तीन. पहिला फोनवरच म्हणाला, एवढ्या कामाला येत नाही. दुसरा आला, भिंत बघितली, वॉर्डरोब करायचाय का विचारलं, नाही म्हटल्यावर चहा घेऊन गेला. तिसऱ्याने अख्ख्या दिवसाची हजेरी, गाडीभाडं आणि प्लायची पूर्ण शीट सांगितली. मला हवी होती अडीच बाय दीड फुटांची फळी! लाकडाच्या दुकानात कटपीसच्या ढिगात अठरा एमएमचा तुकडा मिळाला, त्यांनीच मापात कापून दिला. दोन घडीचे ब्रॅकेट, सहा स्क्रू, गट्ट्या, कडेला लावायची पट्टी. सगळे मिळून नऊशे साठ रुपये. ड्रिल शेजाऱ्यांचं.

आणि ते ‘मिरवणं’ कसं झालं तेही ऐका. पहिलं भोक पाडताना लाल भुकटी येत होती, म्हणजे वीट, मी खूश. दुसऱ्या ब्रॅकेटला राखाडी यायला लागली आणि बिट पुढे जाईना. कॉलम, म्हणजे काँक्रीटचा खांब लागला होता. मी टेबल चार इंच डावीकडे सरकवलं, तर ते बरोबर स्विचबोर्डच्या वर यायला लागलं, आणि तिथून वायर सरळ वर गेलेली असते. परत उजवीकडे. शेवटी शेजाऱ्यांनी ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरेल असं टाकून कॉलममध्येच दोन भोकं पाडून दिली. बुजवलेलं भोक टेबलाच्या वर अजून दिसतं, पुट्टीचा पांढरा ठिपका. लेखातल्या फोटोतही आहे. लपवलेला नाही. हे मिरवणं असेल तर असो.

तुमच्या घरी नळाचा वायसर कोण बदलतं हो? मी बदलते. पाना लावून वरचा भाग काढायचा, जुना वायसर दाबला गेलेला असतो, नवा पाच रुपयांचा, आट्यांवर टेफलॉन टेप. आधी मेन कॉक बंद करायचा, हे मी लेखात ठळक टाइपात लिहिलंय, कारण एकदा विसरले होते आणि स्वयंपाकघरातून पाणी थेट जिन्यापर्यंत गेलं होतं. प्लंबर बोलवायला पैसे नव्हते म्हणून नाही. तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणाला होता आणि ती संध्याकाळ कुठल्या महिन्यातली ते सांगितलं नव्हतं, म्हणून.

भाड्याच्या घराचं म्हणाल तर मालकाला विचारावं. तो नाही म्हणाला तर भोकं पाडू नयेत. यात अभियांत्रिकी काही नाही.

वजनाचं. माझ्या बारा बादल्यांनी तीन पावसाळे काढलेत, गॅलरी आहे तिथेच आहे. मातीत निम्मा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा असतो, हे मी गेल्या वर्षी लिहिलंय. पालकाच्या जुडीसाठी दर वेळी स्लॅबचं गणित मांडत बसले तर लेख वाचणार कोण? मुद्दा तोलामोलाचा असता तर तुम्ही तो पहिल्या वाक्यात लिहिला असतात, शेवटच्या नाही.

यापुढे प्रतिक्रिया जरूर द्या. कामावर बोला, स्क्रूवर बोला. माणसाच्या ऐपतीवर बोलायचं असेल तर दुसरीकडे पुष्कळ जागा आहे.

ता. क. : काल रात्री सहज एक बादली वजनकाट्यावर ठेवून पाहिली. पाणी घातल्यावर चोवीस किलो. बाराही कठड्यालगत ओळीने होत्या. त्यांतल्या सात आता आतल्या भिंतीला सरकवल्यात, उरलेल्यांपैकी दोन खाली सोसायटीच्या बागेत नेऊन ठेवायच्या आहेत. कठड्याकडे ऊन फार लागत होतं, म्हणून.