फक्त पट्टा बदलून भागत नाही

गेल्या महिन्यात चिपळूणच्या माझ्या मामेभावाने एक मेसेज पाठवला. तो बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल : ‘टायमिंग बेल्ट घरीच बदला, गॅरेजची लूट थांबवा.’ टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. मेसेजमध्ये म्हटलं होतं की पट्ट्याला भेगा दिसत नसतील तर तो अजून पन्नास हजार किलोमीटर चालतो. बदलायचाच असेल तर फक्त पट्टा बदला, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारं चाक) आणि वॉटर पंप हा गॅरेजवाल्यांचा धंदा. लॉकिंग टूल (इंजिन जागेवर धरून ठेवणाऱ्या पिना) नको, व्हाइटनरच्या खुणा पुरतात. क्रँकचा बोल्ट सुटत नसेल तर पाना अडकवून सेल्फ मारा. पट्टा बोटांनी 90 अंश पिळता आला की ताण बरोबर. आणि समजा तुटलाच, तर गाडी फक्त बंद पडते. खाली मामेभावाचा प्रश्न होता, “दादा, या रविवारी करू या का?”

त्याची गाडी 2014 ची डस्टर डिझेल. सेकंडहँड घेतलेली आणि पट्टा कधी बदलला याची कुठेही नोंद नाही. मी त्याला हो म्हटलं. घरी हे काम करता येतं, मी केलेलं आहे आणि इतरांनीही करावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. काम भरवशाचं होण्यासाठी जे जे लागतं, नेमकं तेच यात गाळलेलं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा असता तर बाकीचे सगळे माफ होते. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की कॅमचा, म्हणजे वॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो, आणि हे नातं तो दातेरी पट्टा टिकवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक वॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटला की कॅम जागेवर थांबतो आणि काही वॉल्व उघडेच राहतात. क्रँक आणि पिस्टन मात्र गाडीच्या वेगामुळे चालतच राहतात. काही इंजिनांत उघडा वॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांच्यामध्ये जागा उरते, तिथे मेसेज म्हणतो तसं नुसतं बंद पडण्यावर निभावतं. आजच्या बहुतेक इंजिनांत ती जागा नसते, त्यांना इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. डिझेलमध्ये तर पिस्टन पूर्ण वर आला की तो आणि हेड (इंजिनाचा वॉल्व असलेला वरचा भाग) यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट असते. वॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी पिस्टनलाही मार बसतो. म्हणजे पट्ट्याचं काम अर्ध्या इंजिनाचं काम होऊन बसतं.

आता भेगांचं. हा सल्ला पूर्वी ठीक होता. जुने पट्टे निओप्रीनचे असत, ते म्हातारे झाले की कडक होत, तडकत आणि तसे दिसतही. हल्लीचे पट्टे एचएनबीआर नावाच्या जास्त टिकाऊ रबराचे असतात, आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि दातांवर नायलॉनचं कापड. पट्ट्याची ताकद त्या दोऱ्यांत असते. दोऱ्या आतून थकतात आणि पाठ मात्र गुळगुळीत दिसत राहते. भेगा दिसल्या तर पट्टा नक्की गेला आहे, पण दिसल्या नाहीत म्हणून तो चांगला आहे असं म्हणता येत नाही. कंपनी किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देते ते यासाठीच, आणि जो आधी भरेल तो धरायचा. मॅन्युअल काढून आपल्याच इंजिनाचा आकडा बघा, दुसऱ्याचा चालत नाही. नोंद नसलेली गाडी घेतली असेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरून चाला.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा टेन्शनर आणि पंपाचा आहे. तो पटकन पटतो, कारण ‘चालू आहे ते कशाला बदलायचं’ हा आपला घरगुती हिशेब.

थोडं गणित करा. टेन्शनर आणि आयडलर (पट्ट्याला वळण देणारं चाक) ही छोटी चाकं साधारण क्रँकच्या दातेरी पुलीएवढी असतात, म्हणजे जवळपास क्रँकच्याच वेगाने फिरतात. गाडीचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर धरला तर एक लाख किलोमीटरला 2500 तास लागतात. मिनिटाला 2000 फेरे धरले तर त्या चाकांच्या आतल्या बेअरिंगने 30 कोटी फेरे मारलेले असतात. तेही कव्हरच्या आत, इंजिनाच्या उष्णतेत, कारखान्यात एकदा भरलेल्या ग्रीसवर. पट्टा म्हातारा झाला म्हणून काढायचा आणि त्याच्याबरोबर तितकंच पळालेलं बेअरिंग तसंच ठेवायचं, याला काय अर्थ आहे?

डस्टरचं कव्हर उतरवलं तेव्हा मामेभावाने काढलेला आयडलर बोटाने फिरवला. तो भिंगरीसारखा गरगर फिरला. “दादा, हा तर मख्खन आहे, कशाला बदलतोस?” मी किटमधला नवीन आयडलर त्याच्या हातात दिला. तो फिरवला की अर्धा-पाऊण फेरा जड जाऊन थांबायचा, आवाज नाही. मग जुना कानाला लावायला सांगितला. आत कोरडी खरखर होती, पाट्यावर मीठ रगडल्यासारखी. नव्या बेअरिंगला ग्रीसचा चिकट विरोध असतो, म्हणून तो जड फिरतो. जो भिंगरीसारखा फिरतो त्याचं ग्रीस संपलेलं असतं. ज्या लक्षणावर माणूस ‘चांगला आहे’ म्हणतो तेच बेअरिंग संपत आल्याचं लक्षण आहे, हे कानाला लावेपर्यंत त्याला खरं वाटेना. हे बेअरिंग जाम झालं की पट्टा त्यावर घासून जळतो किंवा उडी मारतो, मग पट्टा अगदी कालचा नवा असला तरी.

वॉटर पंपाचं थोडं वेगळं. तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तरच त्याच वेळी बदलायचा, फॅन बेल्टवर चालत असेल तर सक्ती नाही. तेवढ्यापुरता मेसेज काही गाड्यांना लागू पडतो. डस्टरच्या डिझेलमध्ये मात्र पंप टायमिंग बेल्टवरच आहे. आमच्या पंपाच्या गळतीच्या भोकाखाली वाळलेल्या कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पांढुरकी खपली धरलेली होती, म्हणजे सील हळूहळू सोडत होतं. असं कुलंट नव्या पट्ट्यावर उडत राहिलं तर पट्टा लवकर जातो. पंप महिन्याभराने गेला असता तर हेच कव्हर, हेच माउंटिंग (इंजिनाला धरणारा आधार), हाच बोल्ट पुन्हा खोलावा लागला असता. घरी करताना मजुरी आपलीच असते, म्हणून तर एकदाच खोलून सगळं बदलायचं. गेट्स, कॉन्टिटेक, एसकेएफ, आयएनए यांची किट मिळतात, पंपासकट किंवा पंपाशिवाय. नकली माल खूप आहे, तेव्हा ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून बिलासकट घ्या.

व्हाइटनरला मी नावं ठेवत नाही. काढण्याआधी खुणा मीही करतो, पण त्या साक्षीदारासारख्या. त्यांच्यावरच विसंबायचं म्हणजे आधीचा माणूस एक दात चुकला असेल तर तीच चूक नव्या पट्ट्यावर जशीच्या तशी उतरवायची. क्रँकच्या पुलीला 20 दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश, छोटी चूक नव्हे ती. दुसरं असं की पट्टा निघताच वॉल्वच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात आणि तो खटकन सरकू शकतो. म्हणून कॅम आणि क्रँक पिनांनी जागेवर धरायचे असतात. डस्टरच्या इंजिनाला ब्लॉकमध्ये फिरवून बसवायची क्रँकची पिन आहे आणि कॅमच्या पुलीतून जाणारी दुसरी पिन. संच विकत मिळतो, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दोन दिवस मागूनही आणता येतो.

व्हाइटनरवाल्यांना आणखी एक गोष्ट छळते. इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं की पट्ट्यावरच्या खुणा पुलीच्या खुणांसमोर येत नाहीत, आणि माणूस घाबरून सगळं परत खोलतो. पट्ट्याच्या दातांची संख्या वेगळी असल्याने त्या तशा येणारच नसतात. बघायच्या त्या पुलीच्या खुणा आणि पिनांची भोकं.

सेल्फ मारून बोल्ट सोडवायची युक्ती कृपया करू नका. लांब पाना चेसीला टेकवून सेल्फ मारला की सगळा जोर त्या दांड्यावर येतो, आणि तो निसटला तर कुणाच्या हातावर किंवा तोंडावर जाईल ते सांगता येत नाही. शिवाय या कामात बॅटरीचा टर्मिनल सगळ्यात आधी काढून ठेवायचा असतो. आम्ही पाचवा गिअर टाकला, मामेभाऊ ब्रेकवर उभा राहिला आणि मी मोठ्या दांड्याने बोल्ट सोडवला. त्या वेळी टायमिंगची पिन लावलेली नव्हती. ती जागा दाखवायला असते, असल्या जोराने ती वाकते किंवा मोडते. बसवताना टॉर्क पाना (किती जोराने कसतोय ते मोजणारा) हवाच, आणि मॅन्युअल नवीन बोल्ट सांगत असेल तर नवीनच घ्या. असे बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. पट्टा काढण्यासाठी इंजिनाचं माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन तोलून धरा. गाडी मात्र स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, एक मिनिटही नाही.

90 अंशांचा पीळ ही हाताने ताण द्यायच्या जुन्या टेन्शनरची पद्धत. आताच्या बहुतेक टेन्शनरवर काटा आणि खाच असते. थंड इंजिनावर काटा सांगितलेल्या जागी आणायचा, कसायचं, इंजिन फिरवायचं आणि पुन्हा बघायचं. बोटांना पट्टा घट्ट लागला म्हणून ताण बरोबर, असं होत नाही. जास्त ताणाने पंपाचं आणि आयडलरचं बेअरिंग लवकर जातं.

मेसेजने आणखी एक सांगायचं सोडलं आहे : सगळ्या गाड्यांना हा पट्टा नसतो. स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेलला चेन आहे, मारुतीच्या के-सिरीज पेट्रोललाही. जुनी मारुती 800, सँत्रो, पोलो डिझेल यांना पट्टा आहे. इकोस्पोर्टच्या 1 लिटर इकोबूस्टमध्ये पट्टा इंजिन ऑइलमध्ये बुडून चालतो, ते काम घरी पहिल्यांदा शिकायचं नव्हे.

रविवारी सकाळी आठला सुरू केलेलं काम दिवसभर चाललं. संध्याकाळी पाचला नवा पट्टा बसला. बॅटरी अजून सुटीच होती. मी पिना काढल्या, मामेभावाने क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि घड्याळाच्या दिशेने सावकाश दोन फेरे दिले. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं, एवढंच मी त्याला सांगून ठेवलं होतं. कुठे अडलं नाही. क्रँकची पिन परत आत गेली. कॅमची पिन त्याने स्वतः लावून पाहिली, ती न ढकलता बसली. टेन्शनरचा काटा केसभर हलला होता. तो परत जागेवर आणला, पिना काढून आणखी दोन फेरे दिले, पिना पुन्हा लावून बघितल्या, आणि मगच मी त्याला कव्हर लावायला सांगितलं.