नायक दचकून जागा झाला

माझ्या कादंबरीचं पहिलं पान तयार आहे. नायक जुन्या घरात शिरतो. घरात गुडघाभर पाणी. जिन्यावर कंदील घेऊन वडील उभे आहेत आणि काहीतरी सांगतायत, पण पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. नायक हाक मारायला जातो, घशातून आवाज फुटत नाही. पाणी छातीपर्यंत चढतं. कंदील विझतो. आणि नायक दचकून जागा होतो, घामाने डबडबलेला.

स्वप्नाने सुरुवात करू नये, हे लिहिण्याच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवलेलं असतंच. कारणही रास्त आहे. वाचक बिचारा आपल्या भरवशावर त्या पाण्यात उतरतो, परक्या माणसाच्या वडिलांची काळजी करू लागतो, आणि पान संपता संपता लेखक म्हणतो, छे हो, काहीच झालं नव्हतं. त्यात दुसऱ्याचं स्वप्न ऐकणं मुळातच जिवावर येतं. ‘काल मला काय स्वप्न पडलं माहितीये?’ असं कोणी म्हणालं की भोवतालच्या सगळ्यांना आपापली कामं आठवतात. हे सगळं मला पटतं. पण पान इतकं झकास उतरलंय की काढवत नाही.

बरं, झोपेतून असा ताडकन उठून बसणारा माणूस मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. माणसं वाईट स्वप्नातून उठतात, किती वाजले बघतात, कूस बदलतात आणि घोरू लागतात. आणि स्वप्नं तरी कसली पडतात! पेपर गणिताचा असतो, आपण अभ्यास करून आलेलो असतो इतिहासाचा, पर्यवेक्षक म्हणून मावशी फिरत असते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या नायकाचं स्वप्न मात्र कसं शिस्तीत चालतं. पाणी म्हणजे काळ, जिना म्हणजे पिढ्या, कंदील म्हणजे संस्कार. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात बाहेर पडला, शीर्षकपानावर १९०० साल मिरवत, आणि तेव्हापासून लेखकांनी आपल्या पात्रांना साधी, बिनअर्थाची झोप म्हणून घेऊ दिलेली नाही.

मग मी माझ्या बाजूचे साक्षीदार शोधायला निघालो. निकाल आधी ठरवून पुरावे जमवण्यात जी मजा आहे ती कशात नाही. पण साक्षीदार एकामागून एक उलटत गेले. डाफ्ने द्यू मॉरिए यांच्या १९३८ सालच्या ‘रिबेका’ची सुरुवात स्वप्नाने होते खरी, पण हे स्वप्न आहे हे बाई पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात, लपवाछपवी नाही. काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या कथेचा नायक १९१५ साली अस्वस्थ स्वप्नांतून जागा झाला. ती कसली होती, यावर काफ्का एक ओळ खर्चत नाही, कारण जागा झालेला माणूस कीटक झालाय आणि तेवढं पुरेसं आहे.

टॉलस्टॉयवर माझी फार भिस्त होती. ‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या पहिल्याच प्रकरणात स्तिवा ऑब्लोन्स्कीला काचेची टेबलं गाणी म्हणतायत असं स्वप्न पडलेलं असतं. गडी खुशीत उठतो, नऊ वर्षांच्या सवयीने गाऊन घ्यायला हात लांब करतो, आणि हाताला काही लागत नाही. मग त्याला आठवतं, की आपण बायकोच्या खोलीत नाही, अभ्यासिकेतल्या सोफ्यावर आहोत. बाहेरची भानगड बायकोला कळली आहे. स्वप्नाला काही ओळी, आणि तो रिकामा हात थेट कथानकात.

आपल्या संस्कृत नाटककार भासाने तर ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकात स्वप्न पाचव्या अंकापर्यंत राखून ठेवलं. राजा उदयन झोपेत आपल्या राणीशी, वासवदत्तेशी बोलतो आणि जळून मेली असं समजलेली ती खरोखर शेजारी बसून उत्तरं देत असते. जाता जाता ती त्याचा लोंबकळणारा हात उचलून शय्येवर ठेवते. तो उठून मागे धावतो तो दारावर आपटतो. विदूषक म्हणतो, स्वप्न पडलं असेल. असेल, पण दाराचा मार खरा. आणि हरिश्चंद्राचं काय सांगावं! स्वप्नात राज्य देऊन बसला आणि विश्वामित्र वसुलीला हजर.

थोडक्यात, यांच्या स्वप्नांचं सकाळी काहीतरी देणं निघतं. माझ्या नायकाचा उरतो तो फक्त घाम, आणि तोही टॉवेलने पुसला जातो.

शेवटी पान बायकोला दिलं.

“स्वप्न आहे ना हे?” चार ओळी वाचताच तिने विचारलं.

“कशावरून?”

“घरात पाणी शिरलंय आणि वडील कंदील धरून उभे. खरे वडील असते तर आधी मोटर बंद कर म्हणून ओरडले असते. याला असलं स्वप्न का पडतं पण?”

“धाकटा भाऊ घर विकायला निघालाय.”

“मग तो भाऊ कुठाय?”

“तिसऱ्या प्रकरणात येतो.”

“आधी आण की त्याला.”

बोलायला काय जातंय! स्वप्न काढलं तर कादंबरी गजराने सुरू होऊ लागली. गजर काढला तर नायक आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कपाळावरच्या आठ्या मोजू लागला. त्याला तिथून हाकलला तर खिडकीशी गेला आणि आभाळ न्याहाळू लागला. पहिल्या पानावर मोकळं सोडलेलं पात्र काय काय करेल याचा नेम नाही.

अखेर भावाला आणला. तो आला तो मेजरिंग टेप घेऊनच, चपला न काढता. “दादा, हे टोक धर जरा,” म्हणाला आणि फीत उलगडत पार माजघरापर्यंत गेला. दादाने टोक धरलंय. आता दादा बोलायला हवा, आणि इथे मला त्या स्वप्नाची खरी किंमत कळली. तिथे घशातून आवाजच फुटत नव्हता, त्यामुळे संवाद लिहावा लागला नव्हता. आता नायक टक्क जागा आहे, घसा ठणठणीत आहे, आणि भाऊ आतून ओरडतोय, “सरळ धर रे!”

“स्वप्न मी सातव्या प्रकरणात टाकतोय,” मी जाहीर केलं.

“सातव्यात झोपणार आहे का तो?”

“तोवर दमेल.”

“त्याच्या आधी वाचक झोपला नाही म्हणजे मिळवली,” म्हणत तिने दिवा मालवला.