नेट नसताना मेल वाचण्याचा गुन्हा

नेट नसताना मेल वाचत होतो म्हणून परवा मला भर डब्यात ढोंगी ठरवण्यात आलं.

गाडीत रेंज नसणार हे ठाऊक होतं. म्हणून निघण्याआधी थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये सगळे फोल्डर उतरवून घेतले, प्रोग्रॅम ऑफलाइन केला आणि निवांत वाचत बसलो. शेजारचे काका माझ्या स्क्रीनमध्ये मान घालून बसले होते. शेवटी त्यांना राहवेना.

“तुमच्याकडे नेट येतंय?”

“नाही.”

“मग हे काय चाललंय?”

“मेल वाचतोय. आधीच उतरवून ठेवलीय.”

“म्हणजे शिळी.”

“सकाळचीच आहे हो.”

“तेच म्हणतोय मी. आणि टाइप काय करताय?”

“उत्तर.”

“गेलं?”

“आउटबॉक्समध्ये आहे. रेंज आली की जाईल.”

“म्हणजे नाही गेलं.” काकांनी समोरच्या बाकाकडे वळून निकाल जाहीर केला, “पाठवतायत, पण जात नाहीये.” समोरच्या आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू माझी नोकरी गेलीय आणि घरी सांगायचं धाडस होत नाहीये.

आता यांना कोण सांगणार, की मेल अशीच वाचायची असते! पीओपी नावाची पद्धत 1984 साली आली ती मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल साठवणाऱ्या दूरच्या संगणकावरून, आपल्या मशीनवर आणण्यासाठीच. फोनच्या लाइनवरून नेट जोडायचो तेव्हा मिनिटामिनिटाला बिल चढायचं. मेल भसाभस उतरवायची, लाइन तोडायची, मग सावकाश वाचायची. 1986 साली मार्क क्रिस्पिन यांची आयमॅप ही दुसरी पद्धत आली. त्यात मेल सर्व्हरवर राहते आणि प्रत आपल्याकडे ठेवायची की नाही, ते आपण ठरवतो. सोय अजूनही आहे, फक्त सेटिंगच्या पार तळाशी. तिथंच ‘इतक्या केबीपेक्षा मोठी मेल उतरवू नका’ अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण राहिली, की नेमकी कामाची मेल पूर्ण येत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलंच. ते म्हणाले, “एवढ्यापेक्षा मोबाइलवर बघायचं.”

“मोबाइललाही रेंज नाहीये.”

“मग थांबायचं.”

मी इरेला पेटून एक मेल त्यांच्यासमोर उघडली. ‘आपले स्टेटमेंट तयार आहे. पाहण्यासाठी येथे क्लिक करा.’ दुसरीत फाइलऐवजी फाइलची लिंक. तिसरी नुसत्या चित्रांची, आणि चित्रं सर्व्हरवर. म्हणजे माझ्या वाट्याला रिकाम्या चौकटी. पूर्वी मेलमध्ये मजकूर असायचा, आता मजकूर कुठं ठेवलाय त्याचा पत्ता असतो. कारण चित्र मागवलं की पाठवणाऱ्याला वर्दी जाते: उघडली बरं का! लिंक दाबली की तेही कळतं. माझी मेल माझ्या डिस्कवर मी कुणालाही न कळवता वाचावी, हे या मंडळींना परवडत नाही. शिवाय तळाशी ‘कागद वाचवा, प्रिंट काढू नका’. अहो, प्रिंट कशाची काढू?

“बघा,” काका आजींना म्हणाले, “नेट लागतंच.”

मी लॅपटॉप मिटायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

“थांबा, थांबा. माझ्या मुलीनं काहीतरी पाठवलंय म्हणे. तेवढं बघून द्या.”

“काका, नेट नाहीये.”

“पण तुमचं बिननेटचं चालतं ना!”

एवढं बोलून त्यांनी आपला पासवर्ड खड्या आवाजात, स्पेलिंगसकट, दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा बहुधा आजींसाठी.